मासा रंग खातो!

औंधला गेलं की यमाईचा डोंगर चढायचा आणि वाटेवरच्या श्री भवानी संग्रहालयात तास-दोन तास घालवायचे, हा ठरलेला क्रम. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली उभं केलेल्या या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रंही आहेत. आता चित्रकार म्हटला की त्याला रंग बाहेरून आणावा लागतो. लाल हवा तर लाल विकत घ्या, पिवळा हवा तर पिवळा घोटा. माशाचंही अगदी असंच आहे. काळा रंग तो घरच्या घरी करतो, पण लाल, केशरी, पिवळा? ते बहुतांशी त्याला बनवता येत नाहीत. ते त्याला खावे लागतात.

म्हणूनच जगभरच्या मत्स्यशेतीत ‘रंगाचं खाद्य’ हा अख्खा धंदा उभा आहे. त्यातल्या या काही गमती. सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून.

१. आधी तर्री बघा

कढईत तेल तापवा, गॅस बारीक करा आणि चमचाभर ब्याडगी मिरचीची पूड सोडा. दोन-चार सेकंदांत तेल लालभडक. आता त्यात पाणी ओता. पाणी खाली गढूळ होऊन बसतं आणि लाल रंग तेलाबरोबर वर तरंगतो. हीच तर्री.

मिरचीचा लाल रंग म्हणजे कॅप्सँथिन. तो ‘कॅरोटिनॉइड’ घराण्यातला. गाजर, झेंडू, मका, अंड्याचा बलक, कोळंबी, फ्लेमिंगो ही सगळी याच घराण्याची गिऱ्हाइकं. या घराण्याचा गुण एकच: पाण्याशी वैर, तेलाशी मैत्री. म्हणून माशाच्या खाद्यात रंग मिसळताना तेलही लागतं. आटपाडीच्या डाळिंबाचा किंवा बिटाचा रंग दिसायला कितीही झोकदार असला, तरी तो पाण्यात विरघळणारा. माशाच्या चरबीत तो मुक्कामाला थांबत नाही.

२. काळ्या खेकड्याचं लाल गुपित

पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे घरी येतात तेव्हा काळपट, मातकट, तपकिरी असतात. पातेल्यात पडले, आच लागली, की आधी नांग्या आणि पाय तांबूस होतात, मग पाठ. झाकण काढेपर्यंत सगळा ऐवज केशरी. आपण म्हणतो, ‘शिजला.’

खरं तर लाल रंग पहिल्यापासून आतच होता. त्याचं नाव अ‍ॅस्टाझँथिन. जिवंतपणी एक प्रथिन त्याला घट्ट मिठी मारून बसलेलं असतं आणि त्या मिठीत लाल रंग निळा-करडा दिसतो. आच लागली की प्रथिन सैल पडतं, मिठी सुटते आणि लाल मोकळा होतो. कोळंबीचं तेच, शेवंडीचं तेच. मसाला तुमचा, रंग मात्र खेकड्याचा.

३. तेच साल, १९३८

हे अ‍ॅस्टाझँथिन शेवंडीतून वेगळं काढून त्याची ओळख पटवली कून आणि सोरेन्सन या दोन शास्त्रज्ञांनी, १९३८ साली. म्हणजे औंधच्या राजाने चित्रांसाठी घर बांधलं त्याच वर्षी. शेवंडीचं तेव्हाचं शास्त्रीय नाव ‘अ‍ॅस्टॅकस’, त्यावरून रंगाचं बारसं झालं. रिशार्ड कून यांना कॅरोटिनॉइड आणि जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९३८चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, पण हिटलरच्या सरकारने ते घेऊ दिलं नाही. रंगाचा शोध लागला आणि बक्षिसाचा रंग उडाला.

४. सुकटवालीकडचा कच्चा माल

आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगाकडे जरा निरखून बघा. वाळून कोळ झालेल्या जवळ्यावरही गुलाबी झाक असते. तीच ती अ‍ॅस्टाझँथिनची. कोळंबी सोलल्यावर उरणारी डोकी आणि टरफलं वाळवून, दळून माशाच्या खाद्यात घालतात ती याचसाठी. कचरा म्हणून फेकायचं ते रंगाचं भांडार निघतं. वर प्रथिनं मिळतात ती वेगळीच.

५. येरळवाडीचे गुलाबी पाहुणे

औंध ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या येरळवाडीच्या तलावावर थंडीत फ्लेमिंगो उतरतात. मराठीत रोहित, म्हणजे लाल. पण हे गुलाबी पाहुणे जन्मतात राखाडी. पिल्लाच्या पिसांवर गुलाबीचा ठिपकाही नसतो. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव खाऊन खाऊन त्यांचे पंख हळूहळू रंगतात. प्राणिसंग्रहालयात साधं खाद्य दिलं, तर ते पांढुरके पडत जातात. म्हणून तिथे त्यांच्याही खाद्यात रंगाचा घटक मिसळावा लागतो.

आणखी एक. फ्लेमिंगो आई आणि बाप, दोघंही पिल्लाला घशातून लाल रंगाचं ‘दूध’ पाजतात. त्यात त्यांचा स्वतःचा रंग उतरतो आणि पिल्लं वाढवता वाढवता आईबाप फिके पडतात. लेकरांपायी रंग उडणं म्हणतात ते हेच!

६. रोहित पक्षी, रोहू मासा: एकाच नावाचे दोघं

शेततळ्यातला रोहू हाही मूळचा रोहितच. संस्कृतात ‘रोहित’ म्हणजे तांबूस, आणि या माशाच्या खवल्यांवर तशी झाक असते. १८२२ साली हॅमिल्टनने शास्त्रीय नाव देताना तोच शब्द उचलला. आज त्याला ‘लेबिओ रोहिता’ म्हणतात.

माशाला काय चारावं ही चर्चाही आजची नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. कोणते मासे कुठे सापडतात, त्यांना कोणतं खाद्य घालावं, गळ कसा टाकावा, सगळं तपशिलात. रंगाच्या गोळ्या तेवढ्या त्यात नाहीत.

७. गप्पीचा नवरदेव

गावच्या हौदात, विहिरीत आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडतात. एक ओंजळ पाणी काढून बघा. मोठ्या, राखाडी, पोटुशा दिसतात त्या माद्या. इवलेसे, शेपटीवर आणि अंगावर केशरी ठिपके मिरवणारे ते नर. हे ठिपकेही बरेचसे खाल्लेल्या शेवाळावर अवलंबून. त्रिनिदादच्या ओढ्यांत शास्त्रज्ञांनी पाहिलं की अनेक ठिकाणी माद्या जास्त केशरी नराकडे ओढल्या जातात. कारण? ज्याला चारा शोधता येतो, ज्याची तब्येत ठणठणीत, त्याचाच रंग गडद. लग्नाच्या बाजारात रंग म्हणजे सातबारा!

जाता जाता: ‘गप्पी’ हे नाव गप्पांवरून नाही. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ साली ते पडलं.

८. सालमनचा रंगपंखा

साडीच्या दुकानात अस्तर जुळवायला रंगांचा पंखा असतो ना, तसाच पंखा सालमन माशाच्या मांसासाठी असतो. फिक्या गुलाबीपासून गडद लालपर्यंत पट्ट्या, प्रत्येकीला नंबर, २० ते ३४. मासा कापायचा, पट्टी शेजारी धरायची, नंबर लिहायचा.

रानातला सालमन क्रिलसारखे कोळंबीवर्गीय जीव खाऊन गुलाबी होतो. पिंजऱ्यातल्या सालमनला ते मिळत नाहीत. रंग नसलेलं खाद्य घातलं तर मांस करडं-पांढुरकं राहतं, आणि युरोप-अमेरिकेतलं गिऱ्हाईक त्याकडे वळूनही बघत नाही. म्हणून खाद्यातून अ‍ॅस्टाझँथिन. प्रमाण किती? युरोपात किलोमागे १०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. म्हणजे टनभर खाद्यात फार तर १०० ग्रॅम, ओंजळभर. पण ती ओंजळ एवढी महाग की एकूण खाद्यखर्चात तिचा वाटा डोळ्यांत भरतो.

सालमन अंडी घालायला निघाला की मांसातला रंग पुन्हा प्रवासाला लागतो. मादीचा अंड्यांत जातो, नराचा कातडीत. फ्लेमिंगोची गोष्ट इथेही तीच.

९. रावस सालमन नव्हे

हॉटेलच्या मेनूवर रावसाच्या पुढे ‘इंडियन सालमन’ लिहिलेलं दिसतं. नातं काहीही नाही. रावस वेगळ्याच कुळातला, आपल्या किनाऱ्याचा मासा. सालमन थंड पाण्याचा. दोघांना एका ताटात बसवलं ते मेनू लिहिणाऱ्याने.

१०. गोल्डफिश हिकमती, सालमन हट्टी

रंग खायचा तर खायचा, पण कोणता? सालमनला तयार लाल रंगच लागतो, मुख्यतः अ‍ॅस्टाझँथिन. गोल्डफिश आणि कोई मात्र हिकमती. मक्यात, स्पिरुलिना शेवाळात सापडणारं पिवळसर झियाझँथिन खाऊन ते अंगात त्याचं लाल अ‍ॅस्टाझँथिन करतात. म्हणून हौशी लोक कोईला स्पिरुलिनाचं खाद्य देतात आणि तांबडा रंग खुलतो. अती झालं तर पांढऱ्याशुभ्र भागावर मळकी पिवळट झाक येते. जपानी शौकिनांच्या लेखी तो कोईचा मोठाच दोष.

आणि ही महागडी कोई कोण? शेततळ्यातल्या सायप्रिनस कार्पची भाऊबंद! जपानच्या निगाटा भागातल्या शेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमध्ये रंगीत पिल्लं दिसली, ती त्यांनी निवडून वाढवली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ती झळकली आणि नशीब फळफळलं.

गोल्डफिशची आणखी एक खोड: दीर्घकाळ अंधारात ठेवला तर तो फिका पडतो. नुसतं खाद्य पुरत नाही, उजेडही हवा. सूर्यनमस्कारांचा जगभर प्रचार करणाऱ्या औंधच्या राजाला हे नक्की पटलं असतं.

११. रंग बनवणारा शहाणा: मावा

प्राण्यांना कॅरोटिनॉइड बनवता येत नाहीत, हा नियम. वनस्पती, शेवाळ, बुरशी, जिवाणू बनवतात. बाकी सगळे खातात. या नियमाला २०१० साली एक अपवाद सापडला, आणि तोही कोण? ज्याच्या नावाने शेतकरी बोटं मोडतो तो मावा. वाटाण्यावरच्या माव्याने फार पूर्वी बुरशीकडून रंगाची जनुकं उचलली आणि आता तो स्वतःच तांबडा होतो. पीक आपलं चोरतो, रंगाची कृती बुरशीची चोरली. सवय जुनी आहे.

१२. पिवळे पाय आणि सह्याद्रीचा रानकोंबडा

अनेक कोंबड्यांचे पाय पिवळे धमक असतात. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण त्याची कातडी पिवळी नसते. मग पिवळा आला कुठून? २००८ साली उत्तर मिळालं: राखाडी रानकोंबड्याकडून. हाच तो, सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवणारा. कातडीतलं कॅरोटिनॉइड तोडणारं एक जनुक असतं. ते कातडीत थंडावलं की खाल्लेला पिवळा रंग पायात साठतो.

सालमनमध्येही असंच. चिनूक जातीच्या काही सालमनचं मांस रानात राहून, लाल चारा खाऊनही पांढरंच राहतं. तिथेही अशाच जनुकाचा हात आहे. म्हणजे चारणारा कितीही चारो, रंग धरायला अंगात गुण हवा.

१३. झेंडू: दसऱ्याचा, कोंबडीचा आणि माशाचा

झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा. त्याच्या पाकळीत ल्युटीन नावाचा पिवळा रंग ठासून भरलेला. पाकळ्यांचा अर्क काढून तो कोंबडीखाद्यात जातो आणि बलक पिवळाधमक होतो. तेव्हा बलक गडद दिसला म्हणजे अंडं गावरानच, अशी खात्री धरू नका. कोंबडी उकिरड्यावर फिरली असेल किंवा तिने डब्यातला झेंडू खाल्ला असेल.

आपल्याकडच्या मत्स्य संशोधकांनी शोभेच्या माशांना झेंडू, गाजर, जास्वंद, मिरची असं बरंच काही चारून पाहिलं आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे आणि रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१पासून मत्स्य महाविद्यालय. या विषयात शिकायचं तर मराठी पोरांना दार जवळच आहे. फक्त एक धोक्याची घंटा: दसऱ्याचे उरलेले हार टाकीत सोडू नका. बाजारच्या झेंडूवर फवारणी झालेली असू शकते.

१४. सांगलीची हळद कुठे बसते?

हळद पिवळी, झेंडू पिवळा, मग दोघं एकच? नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्यातलं कुर्क्युमिन कॅरोटिनॉइड घराण्यातलं नाही. माशांच्या खाद्यात हळदीचे प्रयोग होतात ते मुख्यतः तब्येतीसाठी आणि रोगप्रतिकारासाठी, तेही अगदी थोड्या प्रमाणात. फोडणीत चिमूटभर घालतो तसं. मूठभर घातली तर ना फोडणी राहते, ना खाद्य.

१५. लाख मोलाचा प्रश्न: मासा वाढतो का?

खाद्याच्या पिशवीवर ‘रंग आणि वाढ’ असं जोडीने छापलेलं असतं. रंगाचं खरं आहे. वाढीचं?

नॉर्वेत १९९०च्या दशकात सालमनच्या नुकत्याच खायला लागलेल्या पिल्लांवर प्रयोग झाले. खाद्यात किलोमागे सुमारे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी अ‍ॅस्टाझँथिन असेल, तर पिल्लांची वाढही खुंटे आणि मरतूकही वाढे. म्हणजे त्या वयात तो नुसता शृंगार नव्हे, गरज. यामागे कारणं आहेत: अ‍ॅस्टाझँथिनपासून मासे ‘अ’ जीवनसत्त्व बनवू शकतात, शिवाय ते पेशींची झीज रोखतं. पण मोठ्या माशांत आणि इतर जातींत निकाल संमिश्र. कुठे थोडा फायदा, कुठे काहीच फरक नाही. वजन येतं ते प्रथिनांवर, पाण्यातल्या प्राणवायूवर आणि वेळेवर घातलेल्या खाद्यावर. रंग म्हणजे टॉनिक असू शकेल, भाकरी नव्हे.

१६. अति तिथे माती

कॅन्थाझँथिन हा या घराण्यातला आणखी एक लाल भाऊ. कातडीला सोनेरी झाक यावी म्हणून पाश्चात्त्य देशांत माणसं त्याच्या गोळ्या खाऊ लागली आणि काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावर बारीक स्फटिक साचले. त्यानंतर युरोपने २००३ साली सालमनच्या खाद्यातली त्याची मर्यादा किलोमागे ८०वरून २५ मिलिग्रॅमवर आणली, अंड्याच्या कोंबड्यांसाठी तर फक्त ८.

१७. सुई टोचून आणलेला रंग

आपल्या नद्यांत एक काचेसारखा पारदर्शक मासा सापडतो, आतला काटा न् काटा दिसतो. शास्त्रीय नावात ‘रंगा’, अंगाला मात्र रंगच नाही! शोभेच्या बाजारात काही ठिकाणी याच्या अंगात सुईने निळा-गुलाबी रंग भरून विकतात. काही महिन्यांत रंग उडतो. त्याआधी मासाच दगावला नाही तर.

दुसरा प्रकार झगमगत्या झेब्रा माशाचा. हा पट्टेरी मासाही मूळचा आपल्या उपखंडातल्या ओढ्यांचा. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली त्यात जेलीफिशचं जनुक घातलं, हेतू पाण्यातलं प्रदूषण ओळखण्याचा. २००३च्या अखेरीस अमेरिकेत तो शोभेचा मासा म्हणून बाजारात आला. हा मासा रंग खात नाही, जन्माला घेऊन येतो!

१८. मग आपल्या शेततळ्याचं काय?

खटाव-माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात शेततळी आली आणि त्यांत कटला, रोहू, सायप्रिनसची बोटुकली पडली. तिथे रंगाची पिशवी घ्यावी का? आधी पाणी बघा. हिरवट पाण्यात शेवाळ असतं, त्यात रंग फुकटचा असतो. मासे फिके पडतात ते टाकीतल्या नितळ पाण्यात, जिथे डब्यातल्या खाद्याशिवाय दुसरं काही मिळत नाही. कोई किंवा गोल्डफिश विकायचे असतील तर विक्रीच्या काही आठवडे आधीपासून रंगाचं खाद्य सुरू करा, कारण रंग एका रात्रीत चढत नाही. खायच्या माशाचं गिऱ्हाईक मात्र कल्ले उचलून बघतं. कल्ल्याचा लाल रंग रक्ताचा असतो, ताजेपणाचा असतो. तो कुठल्याही पिशवीत मिळत नाही.

तेव्हा हिशेब सोपा आहे. कोई विकली जाते रंगावर. रोहू आणि कटला शेवटी विकले जातात काट्यावर.